लोखंडाला चिकटवलेलं रबर

अहमदनगर शहरात, म्हणजे २०२४ सालापासूनच्या अहिल्यानगरात, रणगाड्यांचं एक संग्रहालय आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेनं ते फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलं. शाळेची सहल तिथे गेली की मुलं साहजिकच तोफांच्या नळ्यांकडे धावतात. आपण शिक्षकांनी त्यांना थोडं खाली वाकून चाकं पाहायला सांगावं. विज्ञानाच्या तासाला पुरून उरेल असा मजकूर तिथे आहे.

रणगाडा पोलादी पट्ट्यावर चालतो हे सर्वांना माहीत असतं. पण त्या पट्ट्यावर आतून चाकांची एक रांग फिरत असते आणि रणगाड्याचं सगळं वजन या चाकांवर असतं. चर्चिल या ब्रिटिश रणगाड्याची चाकं लहान आणि नुसती पोलादी आहेत. व्हॅलेंटाइन, सेंचुरियन किंवा आपल्या विजयंताच्या चाकांवर मात्र रबराचा जाड थर दिसेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते ना, तशी इथे लोखंडी चाकावर रबरी धाव! पोलादावर पोलाद आपटत राहिलं तर आवाज, हादरे आणि झीज तिन्ही वाढतात. मधला रबराचा थर ते सगळं सोसून घेतो.

आता प्रश्न असा, की ही धाव चाकावर टिकते कशी? सेंचुरियनचं वजन सुमारे ५० टन. दोन्ही बाजूंना मिळून चाकांच्या १२ जोड्या. म्हणजे प्रत्येक जोडीवर चार टनांपेक्षा जास्त भार. तरीही रबर आणि पोलाद यांच्यामध्ये ना खिळा, ना बोल्ट. रबर पोलादाला चिकटवलेलं आहे. हा जोड उन्हापावसात किती वर्षं टिकेल, आणि ते आधीच कसं ओळखायचं? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. इतकी वर्षं लोक चाचण्या करत होते, आणि खरं कारण त्या चाचण्यांच्या बाहेरच राहिलं होतं!

न चिकटणाऱ्याला चिकटवायचं

कच्चं रबर उन्हाळ्यात पाघळतं आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये असं आढळलं, की गंधक मिसळून तापवलेलं रबर असं वागत नाही. यालाच आपण व्हल्कनीकरण म्हणतो. रबराच्या लांबलचक साखळीसारख्या रेणूंना गंधकाचे अणू जागोजागी टाके घालतात आणि रबर लवचीक तरीही घट्ट बनतं.

पण असं रबर लोखंडाला धरत नाही. यावर १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये सँडरसन यांनी एक युक्ती सुचवून तिचं पेटंट घेतलं. लोखंडावर विजेच्या साहाय्यानं पितळेचा मुलामा द्यायचा आणि त्यावर रबर ठेवून व्हल्कनीकरण करायचं. पितळेतलं तांबं रबरातल्या गंधकाशी संयोग पावतं. त्यातून तयार होणारा कॉपर सल्फाइडचा खडबडीत थर रबरात गुंतून बसतो. आजही मोटारीच्या टायरमधल्या पोलादी तारांना पितळेचा मुलामा असतो, तो याच कारणासाठी.

दुसरी युक्ती एबोनाइटची. रबरात भरपूर गंधक घातलं की ते लाकडासारखं कडक होतं. हा कडक थर लोखंडाला चांगला धरतो आणि त्याच्यावर मऊ रबर बसवता येतं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या मालमोटारींची भरीव रबरी चाकं अशीच बनत. पण एबोनाइट तापलं की मऊ पडतं, आणि वेगानं धावणाऱ्या चाकातलं रबर पुन्हापुन्हा दबून आतून तापतंच. पुढे क्लोरीनयुक्त रबरावर आधारलेली खास चिकटद्रव्यं आली. १९५६ पासून अशी तयार द्रव्यं अमेरिकेत बाजारात मिळू लागली. आज मोटारसायकलच्या सायलेंट ब्लॉकपासून ट्रॅक्टरच्या इंजिनाखालच्या माउंटिंगपर्यंत सगळीकडे हीच पद्धत वापरतात. धातू खरवडून स्वच्छ करायचा, त्यावर प्राइमरचा हात द्यायचा, वर चिकटद्रव्य लावायचं, आणि साच्यात घालून रबरासकट तापवायचं.

नगरचा संबंध

लष्करी वाहनांच्या बाबतीत नगरचं नाव जुनं आहे. चिलखती गाड्या आणि रणगाडे चालवायचं प्रशिक्षण इथे १९२०च्या दशकापासून दिलं जात होतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे उभं राहिलं. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था रावळपिंडीजवळच्या चकलाला इथून नगरला हलवण्यात आली. तिचीच पुढे व्हेइकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट झाली. नगरचे लोक तिला व्हीआरडीई म्हणून ओळखतात. लढाऊ वाहनांचा विभाग १९७०च्या दशकात चेन्नईजवळच्या आवडीला गेला, पण वाहनांच्या विकासाचं आणि चाचण्यांचं काम नगरला चालू राहिलं.

आता इथल्या हवेचा विचार करू. नगर शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभं असलेलं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापतं. हिवाळ्यात रात्री चांगल्याच गार असतात. अशा हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या रबराला भेगा पडल्या, तर आपण लगेच काय म्हणू? ‘उन्हानं तडकलं.’ सगळं जगही जवळजवळ शंभर वर्षं हेच म्हणत होतं.

उन्हावर आलेला आळ

रबराच्या वस्तू जुन्या होऊन तडकतात हे गुडइयरच्या काळापासून दिसत होतं. कारखानदारांना वस्तू विकण्यापूर्वीच तिचं आयुष्य जाणून घ्यायचं होतं. अमेरिकेत विल्यम गीर यांनी १९१६च्या सुमारास एक सोपी चाचणी रूढ केली. रबराच्या पट्ट्या ७० अंश सेल्सिअसच्या गरम हवेच्या पेटीत टांगून ठेवायच्या आणि काही दिवसांनी त्यांचा दम तपासायचा. तापमान वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, त्यामुळे पेटीतले काही दिवस म्हणजे बाहेरचे कित्येक महिने, असा हिशेब. हवेतला ऑक्सिजन रबराला कसा म्हातारं करतो हे या चाचणीतून चांगलं कळे. तिच्या आधारे रबरात घालायची संरक्षक द्रव्यंही सापडली.

तरीही एक कोडं उरलंच. पेटीत उत्तम टिकलेलं रबर बाहेर लावलं की काही आठवड्यांत भेगाळायचं. शिवाय या भेगांची तऱ्हा निराळी होती. ताणलेल्या रबरावरच त्या पडत आणि नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात पडत. ढिल्या सोडलेल्या रबरावर त्या दिसत नसत. सावलीत ठेवलेलं ताणलेलं रबरसुद्धा तडकत असे. ऊन हेच कारण असेल तर सावलीतलं रबर का तडकावं?

गंमत म्हणजे खरा गुन्हेगार रसायनशास्त्रज्ञांच्या चांगला ओळखीचा होता. बाझेल इथल्या शोनबाइन यांना पाण्यातून वीज सोडताना १८३९ मध्ये एक तीव्र वास जाणवला आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्या वायूला नाव दिलं – ओझोन. म्हणजे व्हल्कनीकरण आणि ओझोन ही दोघं एकाच वर्षाची भावंडं! पुढे १९०४च्या सुमारास जर्मनीत कार्ल हॅरीस यांनी रबराच्या रेणूची रचना शोधण्यासाठी मुद्दाम ओझोनचाच वापर केला. रबराच्या साखळीत ठरावीक अंतरावर कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथेच घाव घालतो आणि साखळीचे तुकडे करतो. तुकड्यांवरून मूळ साखळी कशी असेल ते ओळखता येतं.

थोडक्यात, ओझोन रबराला कापतो हे प्रयोगशाळेत ठाऊक होतं आणि टायर बाहेर तडकतात हे कारखान्यात ठाऊक होतं. या दोन माहित्या एकमेकींना भेटायलाच वीस वर्षं लागली! हवेत ओझोन फार थोडा असतो, दहा कोटी भागांत जेमतेम दोन ते पाच भाग. एवढासा वायू काय करणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. १९२६ मध्ये अमेरिकेत आयरा विल्यम्स यांनी ताणलेल्या रबराच्या भेगांमागे ओझोन असल्याचं दाखवलं. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये आर. जी. न्यूटन यांनी या भेगा कशा सुरू होतात आणि वाढतात, याची सविस्तर मांडणी केली.

ताण का लागतो, हेही समजून घेऊ. ढिल्या रबरावर ओझोननं वरवरचे रेणू कापले तरी ते जागच्या जागी राहतात आणि त्यांचा पातळ थर आतल्या रबराचं रक्षणच करतो. ताणलेल्या रबरात मात्र कापलेली टोकं दोन बाजूंना ओढली जातात. फट उघडते, आतलं ताजं रबर उघडं पडतं आणि ओझोनला नवं खाद्य मिळतं. शिवणीचा टाका उसवावा तशी भेग पुढे सरकत जाते. थोड्या ताणावर भेगा मोजक्या पण खोल असतात, फार ताणलं तर त्या बारीक आणि असंख्य पडतात.

मग ऊन अगदीच निर्दोष का? नाही. उन्हातले अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून रबराचा पृष्ठभाग कडक करतात. पण त्या भेगांना ठरावीक दिशा नसते, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं जाळं दिसतं. भेगांचा आकार पाहून कारण ओळखता येतं, ते असं.

युद्धानं शिकवलेले धडे

१९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया आणि आसपासचा प्रदेश जिंकला आणि दोस्तराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांच्या पट्ट्यांवर रबरी ठोकळे असत, त्यांच्या जागी पोलादी पट्टे बनवावे लागले. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांची काही चाकं रबराच्या टंचाईमुळे पोलादी धावांची झाली. त्यांचा खडखडाट दूरवर ऐकू जाई.

युद्ध संपल्यावर हजारो वाहनं कोठारांत आणि मैदानांवर उभी राहिली. न वापरता नुसत्या उभ्या असलेल्या वाहनांच्या रबराला भेगा पडू लागल्या. चालत्या वाहनापेक्षा उभ्या वाहनाचं रबर जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा ठरला. रबरात थोडं मेण मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पापुद्रा धरतं आणि ओझोनला अडवतं. वाहन सतत चालत असेल तर हा पापुद्रा मोडतो. उभ्या वाहनात मेण उपयोगी पडतं, पण जुन्या रबरात पुरेसं नसे. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या रॉक आयलंड शस्त्रागाराच्या प्रयोगशाळेत यावर काम झालं. पॅराफिनिलीनडायअमाइन या गटातली द्रव्यं रबराला ओझोनपासून वाचवतात हे दिसून आलं. आजचे टायर याच गटातल्या द्रव्यांवर विसंबून असतात.

त्याच सुमारास लॉस एंजेलिस शहरात एक उलटा प्रयोग झाला. तिथे टायर इतर शहरांपेक्षा लवकर तडकत. एरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवल्या आणि पहिली भेग किती वेळात पडते ते मोजलं. त्यावरून हवेतला ओझोन किती, हे ठरवता आलं! मोटारींच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन बनतो, हे त्यांनी दाखवून दिलं. रबराचा दोषच इथे मोजपट्टी झाला.

जोडाची परीक्षा

आता पुन्हा लोखंडाकडे वळू. धातूला चिकटवलेल्या रबराची गोष्ट सुट्या रबरापेक्षा अवघड आहे. साच्यात सुमारे १५० अंशांवर रबर पोलादाला जोडलं जातं आणि मग दोन्ही थंड होतात. थंड होताना रबर पोलादाच्या दहा पटींहून अधिक आकसतं. पण पोलादानं त्याला धरून ठेवलेलं असल्यामुळे ते पुरतं आकसू शकत नाही. म्हणजे असं रबर जन्मापासूनच थोडं ताणलेलं असतं. त्यात उभ्या रणगाड्याच्या वजनानं चाकाच्या कडेचं रबर फुगून आणखी ताणलं जातं. ताण हा तर ओझोनचा जोडीदार. भेग कडेवर पडली, तिथून पाणी आत शिरलं, की पोलाद गंजू लागतं आणि गंज जोडाखालून पुढे सरकतो. पितळेच्या मुलाम्यातलं जस्तही ओलाव्यानं बाहेर पडतं आणि जोड कमकुवत होतो.

म्हणून चाचण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. ओझोनच्या चाचणीत रबराची पट्टी साधारण २० टक्के ताणून ४० अंशांवर, दहा कोटी भागांत ५० भाग ओझोन असलेल्या पेटीत ठेवतात. हे प्रमाण स्वच्छ हवेच्या दहा ते पंचवीस पट झालं. मिठाच्या चाचणीत ५ टक्के मिठाच्या द्रावणाचं धुकं ३५ अंशांवर नमुन्यांवर सतत सोडतात. जोडाच्या चाचणीत पोलादी पट्टीवर चिकटवलेलं रबर काटकोनात ओढून सोलतात आणि किती जोर लागला ते मोजतात.

पण नुसत्या जोराच्या आकड्यावर थांबायचं नसतं, तुटलेली जागाही वाचावी लागते. पोलादावर रबराचा थर शिल्लक राहून रबरच फाटलं असेल तर जोड रबरापेक्षा बळकट होता. रबर आणि चिकटद्रव्य सुटे झाले असतील तर दोष बहुधा साच्यातल्या तापमानाचा किंवा वेळेचा. पोलाद लख्ख उघडं पडलं असेल तर धातूची सफाई नीट झाली नव्हती, किंवा पाणी आत शिरलं. सारख्याच आकड्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उत्तरपत्रिका तपासताना आपण केवळ उत्तर पाहत नाही, रीतही पाहतो, तसंच हे!

आणि एवढं करूनही एक अडचण उरते. पेटीत एका वेळी एकच शत्रू असतो. बाहेर ऊन, ओझोन, दव, धूळ, दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा एकत्र असतात आणि एकमेकांना साथ देतात. शिवाय घाई करण्यासाठी तापमान फार वाढवलं तर पेटीत अशा क्रिया घडतात, ज्या बाहेर कधीच घडणार नाहीत. म्हणून वेगवान चाचणीबरोबर नमुने वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवण्याची संथ चाचणी आजही करावी लागते. गीर यांची पेटी खोटं बोलत नव्हती. तिच्यात ओझोन नव्हता आणि पट्ट्या ताणलेल्या नव्हत्या, एवढंच. विचारला होता त्याच प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं.

हाच धडा अलीकडे पुन्हा मिळाला. टायरला ओझोनपासून वाचवणाऱ्या ६पीपीडी या द्रव्याची ओझोनशी क्रिया होऊन जो पदार्थ बनतो, तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो जातीच्या सामन माशांना मारतो, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० च्या अखेरीस दाखवलं. रबर टिकतं का, हे अनेक दशकं तपासलं गेलं. झिजून गेलेल्या रबराचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्या चाचण्यांत नव्हता.

शाळेत करून पाहा

यातला मुख्य प्रयोग शाळेत फुकटात करता येतो. एकाच पुडक्यातले साधे रबरबँड घ्या. लाकडी फळीवर खिळे ठोकून काही रबरबँड त्यांवर ताणून लावा, काही नुसते ढिले टांगा. अशा चार फळ्या तयार करा. एक उन्हात ठेवा, एक बाहेर पण सावलीत, एक वर्गात आणि एक छोटी फळी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून सावलीतच. रोज ठरावीक वेळी भिंगातून पाहा. पहिली भेग कुठे, कितव्या दिवशी आणि कोणत्या दिशेनं पडली, याची नोंद मुलांना करू द्या. नोंदी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाकडून आपापला अंदाज लिहून घ्यायला विसरू नका.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक जास्तीची सोय आहे. नगर शहरात पाऊस बेताचा, तर त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर तो कित्येक पटींनी जास्त. नगरची एक शाळा आणि अकोल्याची एक शाळा यांनी एकाच पुडक्यातले रबरबँड वाटून घेऊन मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हा प्रयोग करावा आणि वह्यांची अदलाबदल करावी. जमिनीलगतचा ओझोन उन्हाळ्यात वाढतो आणि पावसाळ्यात कमी होतो. तो फरक मुलांच्या वहीत उतरतो का, ते पाहा. एखाद्या रबरबँडनं अपेक्षेपेक्षा वेगळं वागून दाखवलं तर ती नोंद खोडू नका. आपण काय मोजायचं राहून गेलं, याची चर्चा त्या नोंदीपासूनच सुरू करता येईल.